जुनी दुर्बीण पारखतांना

कर्जत-खालापुराकडे सहलीस निघालेल्या पुष्कळ मंडळींच्या पिशवींत एखादी जुनी दुर्बीण असते. ती आजोबांच्या पेटींतून निघालेली असते, अथवा मुंबईच्या चोरबाजारांत थोडक्या पैशांत घेतलेली असते. स्वस्त म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं आणि जड पितळी म्हणून उत्तमही ठरत नाहीं. तिची पारख डोळ्यांनींच करावी लागते; आणि त्या कामास या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

प्रथम दुर्बिणीवर कोरलेले आंकडे पाहावे. ‘८×३०’ याचा अर्थ, वस्तु आठपट जवळ आल्यासारखी दिसते व पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर आहे. तिसांस आठांनीं भागलें असतां पावणेचार येतात. तितक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्याशीं पोंचतो. भर उन्हांत डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून तो पुरतो. पण भीमाशंकराच्या पायथ्याशीं, खांडसच्या रानांत, तिन्हीसांजेला शेकरूं शोधूं गेल्यास तो अपुरा वाटूं लागतो. याच हिशेबानें ‘२०×३०’चा झोत अवघा दीड मिलिमीटर भरतो. मोठ्या आंकड्याला भुलणारें गिऱ्हाईक येथेंच फसतें. चित्र मोठें होतें खरें, पण तें अंधारें असतें आणि हाताच्या कंपानें सारखें हलत राहतें.

मग भिंगावर दिव्याचें प्रतिबिंब पाडावें. उघड्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा चारांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत अशीं अनेक पृष्ठें असल्यानें चित्र फिकें होतें. १९३५ सालीं जर्मनींतील त्साइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं यावर पातळ लेपाची युक्ति काढली. प्रतिबिंब निळसर-जांभळें दिसल्यास लेप आहे असें समजावें. पांढरें दिसल्यास कांच उघडी. भडक तांबडा लेप मात्र पुष्कळदां शोभेचा असतो, व त्यांतून सारें दृश्य हिरवट दिसतें. ‘ऑक्युपाइड जपान’ असा अस्सल छाप असेल तर ती दुर्बीण १९४५ ते १९५२ या काळांतील होय; पण छापावरून वय कळतें, गुण कळत नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच आहे. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. विजेच्या तारांचे मनोरे या मुलुखांत ओळखीचे आहेत. दूरच्या मनोऱ्याच्या आडव्या भुजेवर दुर्बीण रोखावी आणि ती हळूहळू डोळ्यांपासून वीतभर दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतील भुजा एका रेषेंत राहिल्या तर आंतील लोलक जागेवर आहेत. एक वर व एक खालीं दिसली तर ते सरकलेले आहेत. दुर्बीण जवळ धरली असतां डोळे ही चूक ओढूनताणून सांवरून घेतात, म्हणून दुकानांत ती कळत नाहीं. गडावर अर्ध्या तासांत डोकें दुखूं लागतें तेव्हां कळते. दुरुस्त करणारा जाणता कारागीर ठाऊक नसेल तर अशी दुर्बीण घेऊं नये.

त्यानंतर चौकच्या बाजूनें इर्शाळगडाचा सुळका उजळ आकाशावर पाहावा. कडेला जांभळी-हिरवी झालर किंचित् दिसली तर चालेल. सुळका मधोमध आणूनही ती दाट राहिली तर भिंग हलकें. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधींही रोखूं नये, दृष्टि जाईल.

शेवटीं एका टोंकाकडून विजेरीचा उजेड सोडून दुसऱ्या टोंकानें आंत पाहावें. थोडी धूळ चालते, एखादा ओरखडाही चालतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू मात्र चालत नाहींत. ती बुरशी होय. ती लेप खाते आणि कांचेवर कायमचे डाग पाडते. चार महिन्यांच्या पावसांत चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, व आजोबांनीं जपलेली दुर्बीण बहुधा त्या पेटींतच बिघडते. म्हणून पावसाळ्यांत ती पेटीबाहेर काढून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

या साऱ्या परीक्षांस एक दुपार पुरते. त्यांत उतरलेली साधी दुर्बीण घरांतील पुढच्या पिढीसही डोंगर दाखवील.