गाडीच्या पोटाखालची ढाल

वेल्डिंगचे काम जाणणाऱ्या तरुणांसाठी एक चांगला जोडधंदा आहे: डोंगरवाटेवर जाणाऱ्या गाड्यांना खालून संरक्षक पत्रा, म्हणजेच स्किड प्लेट, बसवून देणे. नाशिकला बनणारी महिंद्रा थार २०१० साली बाजारात आली, २०२० साली तिची नवी आवृत्ती निघाली. अशा गाडीचे ऑइल चेंबर दगड लागून फुटले आणि ती तशीच चालवली, तर थोड्याच वेळात इंजिन जाम होते व मालकाला मोठा भुर्दंड बसतो.

पोलादी पत्रा ३ ते ५ मिलिमीटर जाड घ्यावा. ॲल्युमिनियम हलके, गंजत नाही. पण महाग पडते व जास्त जाड लागते. पत्रा चेंबरला नव्हे, चॅसीला कसावा. ऑइल बदलण्यासाठी आणि चिखल-पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावीत.

बोल्ट ढिला झाला की पत्रा वाजतो. इथे गाण्याचा कान कामी येतो. गाडी चालवून पाहताना टेप बंद ठेवावा आणि खडखड कुठून येते ते ऐकावे. काम झाल्यावर मात्र गाणे जरूर लावावे. मालक आणि मिस्त्री एकाच गायकाचे चाहते निघाले तर ओळख वाढते. गिऱ्हाईक टिकते मात्र न वाजणाऱ्या पत्र्यामुळेच!