बिल उशिरां पोंचल्यास बागाइतदारानें काय करावें ?

सफाळ्याकडील ज्या बागाइतदारांच्या वाडीचें पाणी विजेच्या पंपावर अवलंबून आहे, त्यांची वीज ऐन उन्हाळ्यांत चार दिवस तुटली, तर भाजीपाला हातचा जातो. टपालाच्या दिरंगाईमुळें बिल मुदत टळल्यावर हातीं आलें, तर दोष कोणाचा ?

टपालखात्याकडून भरपाई मागावी, असें कित्येकांस वाटतें. परंतु १८९८ च्या कायद्यानें खात्यास या जबाबदारींतून बव्हंशीं मोकळें ठेविलें होतें; २०२३ च्या नव्या कायद्यानेंहि, नियमांत सांगितलेली जबाबदारी वगळून, तेंच धोरण राखिलें आहे. तेव्हां आपलें रक्षण वीजकायद्यांतच शोधिलें पाहिजे.

२००३ च्या वीजकायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणें थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पुऱ्या १५ दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे. रकमेविषयीं वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकीं कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी; मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडतां येत नाहीं.

मात्र बिल उशिरां आलें एवढ्यानें देणें चुकत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, पाकीट फेंकूं नये. त्यावरील टपालाचा शिक्का हाच आपला साक्षीदार होय. पैसे ताबडतोब भरून विलंब-आकाराविरुद्ध लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. दाद न लागल्यास त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमाखालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, व तेथून विद्युत लोकपालाकडे जातां येतें.

नेहमींच्या तारखेस बिल न आल्यास वाट पाहत बसूं नये. ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या संकेतस्थळावर तें पाहतां येतें.