सूर्याची तिरीप आणि शिक्षकांचा मोटारसायकल-प्रवास

आपल्यापैकी अनेक शिक्षकबंधू व भगिनी शाळेच्या गावी मोटारसायकलीने जातात व सायंकाळी त्याच वाहनाने परततात. या प्रवासात रस्त्यावरील खड्डा, पावसाळ्यातील चिखल, वाहनाचा सैल झालेला ब्रेक यांविषयी प्रत्येक जण थोडाफार सावध असतो. परंतु क्षितिजालगत असलेल्या सूर्याची तिरीप हाही एक मोठा धोका आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. याचे कारण उघड आहे. उजेड हे पाहण्याचे साधन, आणि त्यापासून अपाय होईल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. तथापि जो उजेड वस्तूवर पडतो तो ती वस्तू दाखवितो. जो थेट डोळ्यांत शिरतो तो तीच वस्तू लपवितो.

शनिवारी सकाळच्या शाळेस जाण्याची वेळ आणि हिवाळ्यात पाच वाजता शाळा सुटल्यानंतर घरी परतण्याची वेळ, या दोन्ही वेळा सूर्य खाली असण्याच्या आहेत. त्याच वेळी, त्याच रस्त्याच्या कडेने, आपल्याच वर्गातील मुले वाडीवस्तीवरून शाळेत येत असतात किंवा घरी जात असतात. त्यामुळे हा विषय केवळ शिक्षकाच्या स्वतःच्या सुरक्षिततेपुरता मर्यादित राहत नाही.

डोळे का दिपतात

डोळ्यांत शिरणारा सर्वच प्रकाश नेत्रभिंगातून सरळ जात नाही. त्याचा काही अंश भिंगात व बुबुळावरील पारदर्शक आवरणात इतस्ततः विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक फिकट पडदा पसरतो. एरवी हा पडदा जाणवत नाही. परंतु सूर्य दृष्टीच्या रेषेत आला म्हणजे तो इतका दाट होतो की त्यामागील बैलगाडी, सायकल किंवा मूल यांची आकृतीच त्यात बुडून जाते. रस्ता दिसतो असे वाटत राहते, पण रस्त्यावरील वस्तू मात्र दिसत नाहीत. खरा धोका येथेच आहे. अंधारात मनुष्य आपण होऊन वेग कमी करतो. प्रखर उजेडात तसे करण्याची त्याला बुद्धी होत नाही.

वय वाढते तसे भिंगातील हे विखुरणे वाढते, आणि दिपलेले डोळे पूर्ववत होण्यासही अधिक वेळ लागतो. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्यांस पूर्वीपेक्षा उन्हाचा त्रास अधिक होऊ लागला आहे, त्यांनी नेत्रतपासणी करून घ्यावी. मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा याच लक्षणाने होते.

आणखी एक प्रसंग नेहमीचा आहे. रस्त्याच्या दुतर्फा वड किंवा चिंचेची जुनी झाडे असतात. लख्ख उन्हातून त्यांच्या दाट सावलीत शिरताना डोळ्यांना नव्या उजेडाची सवय होण्यास काही क्षण लागतात. त्या क्षणांत सावलीत उभे असलेले जनावर दिसत नाही. म्हणून सावलीत शिरल्यावर नव्हे, तर शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा.

वेळ आणि दिशा आधी कळू शकतात

पाऊस केव्हा येईल हे खात्रीने सांगता येत नाही. सूर्य केव्हा व कोठे असेल हे मात्र सांगता येते. आपल्या अक्षांशावर सूर्योदयानंतर सूर्य तासाला सुमारे तेरा ते चौदा अंश वर चढतो. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली असता तिची उंची साधारण दहा अंश भरते. म्हणजेच क्षितिजापासून एक मूठ वर येण्यास सूर्याला सुमारे पाऊण तास लागतो. दोन मुठींच्या खाली असेपर्यंत त्याची तिरीप त्रासदायक होते. हा काळ सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा सव्वा ते दीड तास होय.

दिशेचे गणितही अवघड नाही. सूर्य नेमका पूर्वेस वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या २१ व सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारास. महाराष्ट्रात जूनअखेरीच्या दिवसांत तो पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे, तर डिसेंबरअखेरीच्या दिवसांत तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. पश्चिमेकडे मावळतानाही हाच क्रम. यावरून प्रत्येक रस्त्याचे धोक्याचे महिने ठरविता येतात.

पुणे–सोलापूर रस्त्याचे उदाहरण घेऊ. सोलापूर पुण्याच्या थेट पूर्वेस नाही. नकाशावर ही दोन शहरे जोडणारी रेषा पूर्वेपासून सुमारे चोवीस अंश दक्षिणेकडे कलते. डिसेंबर–जानेवारीत सूर्य उगवतो तोही जवळजवळ याच दिशेस. त्यामुळे त्या महिन्यांत सकाळी सोलापूरच्या दिशेने जाणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य सरळ येतो. सायंकाळी तोच मनुष्य पुण्याच्या दिशेने परतू लागला की सूर्य त्याच्या बराच डावीकडे असतो व त्रास कमी होतो. जूनमध्ये याच्या उलट घडते. सकाळ सुसह्य असते. पण आकाश निरभ्र असल्यास सायंकाळी सहानंतर परतणाऱ्याच्या समोर मावळतीचा सूर्य येऊन ठाकतो. रस्ता एकच, पण महिना बदलला की धोक्याची वेळ बदलली.

आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा असाच एक साधा नकाशा प्रत्येकाने काढावा व कोणता भाग कोणत्या महिन्यात सूर्यासमोर येतो हे त्यावर लिहून ठेवावे. पुष्कळदा असे आढळेल की दहा-पंधरा मिनिटे आधी किंवा नंतर निघाल्याने, अथवा एका फाट्यावरून वळसा घेतल्याने, अडचणीचा तुकडा टाळता येतो.

छायेचा नियम

वरील सर्व गणित ज्याला नको असेल त्याच्यासाठी निसर्गाने एक खूण रस्त्यावरच मांडून ठेवली आहे. ती म्हणजे आपली स्वतःची छाया. शंकूच्या छायेवरून गणित करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे शके १०७२ मधील ग्रंथात, ‘छायाव्यवहार’ नावाचे प्रकरणच आहे. आपल्या कामापुरते दोनच नियम पुरेत.

पहिला नियम लांबीचा. उभ्या काठीची छाया काठीच्या तिपटीहून लांब असेल, तर सूर्य अठरा अंशांच्या खाली आहे. तिरिपीची वेळ सुरू आहे असे समजावे.

दुसरा नियम दिशेचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. आपली छाया ज्या बाजूस पडली आहे, त्या बाजूने येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांत सूर्य आहे. त्यास आपण दिसत नाही असे धरून चालावे.

हा नियम नीट समजून घेतला पाहिजे. सूर्य पाठीशी असला की स्वाराला समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो, रंग उठून दिसतात, आणि तो निर्धास्त होतो. परंतु त्याची छाया समोर पडलेली आहे. म्हणजे समोरून येणारा ट्रॅक्टर किंवा जीप सूर्याकडे तोंड करून येत आहे. तो चालक आपल्यासमोरून उजवीकडे वळू शकतो, किंवा पुढचे वाहन ओलांडण्यासाठी आपल्या बाजूस येऊ शकतो. आपण त्याला पाहिले म्हणजे त्याने आपल्याला पाहिले असे नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकी वाहनांचा पुढचा दिवा यंत्र चालू असताना सतत पेटलेला राहतो. पाठीमागे सूर्य असता त्या दिव्याचा उपयोग थोडाच होतो. म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

याउलट सूर्य समोर असेल तेव्हा छाया मागे पडते. मग आपल्याला समोरचे दिसत नाही, आणि मागून येणाऱ्यास आपणही दिसत नाही. अशा वेळी घाबरून एकाएकी ब्रेक दाबणे हे सर्वांत घातक. वेग हळूहळू उतरवावा आणि थांबायचे झाल्यास डांबरी रस्ता पूर्णपणे सोडून कडेला उभे राहावे.

छाया बाजूस पडत असेल, तर ज्या बाजूस ती पडते त्या बाजूच्या गल्लीतून किंवा बांधावरून रस्त्यावर येणाऱ्यास आपण दिसत नाही. आणि सूर्याच्या बाजूने येणारा आपल्याला नीट दिसत नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

वेग

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. डोळे दोन सेकंद दिपले, तर २२ मीटर रस्ता न पाहता कापला गेला. आपल्या शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्यांची ती लांबी आहे. या वेगाने जाताना अडथळा दिसल्यापासून वाहन थांबेपर्यंत, कोरड्या व चांगल्या डांबरी रस्त्यावरही, सुमारे २३ ते २४ मीटर लागतात. वेग ताशी २० किलोमीटर केला, तर हेच अंतर सुमारे ९ मीटरांवर येते. वेग निम्मा झाल्यावर ब्रेक लावून थांबण्याचे अंतर चौथाईवर येते, हे यामागील कारण. खडीच्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर ही सर्व अंतरे वाढतात.

तेव्हा नियम एवढाच की जितका रस्ता खात्रीने दिसतो, तितक्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा. पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळपाचा हंगाम आणि हिवाळ्यातील लांब तिरीप एकाच काळात येतात. त्या दिवसांत उसाने भरलेली गाडी किंवा ट्रॉली पुढे असेल, तर तिच्या मागच्या दिव्यावर भरवसा ठेवू नये. मागून ऊन पडल्यावर लाल काच तशीच चमकते. दिवा पेटला की नाही हे कळत नाही. आपल्या वळणदर्शक दिव्याचीही हीच गत होते. म्हणून वळण्यापूर्वी, वेग कमी करून, हातानेही खूण द्यावी.

डोळ्यांवर हात धरून वाहन चालवू नये. एका हाताने खड्डा चुकविता येत नाही. हनुवटी किंचित खाली घेऊन हेल्मेटच्या वरच्या कडेने सूर्य झाकता येतो का ते पाहावे, आणि नजर सूर्याच्या खाली, रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. तरीही दिसत नसेल तर कडेला थांबावे. सूर्यास्तानंतर आपल्याकडे वीस मिनिटांहून थोडा अधिक काळ पुरेसा संधिप्रकाश असतो. दहा मिनिटे थांबल्याने मोठे नुकसान होत नाही.

काच व चष्मा

हेल्मेटची काच मळलेली किंवा चरे पडलेली असेल, तर प्रत्येक चरा व प्रत्येक धूलिकण प्रकाश विखुरतो. सावलीत जी काच स्वच्छ वाटते तीच सूर्यासमोर दुधी होते. काच कोरड्या फडक्याने किंवा सदऱ्याच्या बाहीने पुसू नये. त्याने धूळ घासली जाऊन नवे चरे पडतात. पाण्याने धूळ भिजवून, सौम्य साबण लावून, मऊ कापडाने टिपावी. पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट मुळीच वापरू नये, त्याने काचेचे प्लॅस्टिक खराब होते. चरे फार झाले असतील तर काच बदलावी. जे चष्मा वापरतात त्यांनी तोही तितकाच स्वच्छ ठेवावा.

गडद चष्म्याने प्रखरता कमी होते, परंतु समोरून येणारा सूर्य त्याने नाहीसा होत नाही; आणि झाडांच्या सावलीत किंवा सूर्यास्तानंतर तोच अडचण करतो. गडद काच आणि गडद चष्मा एकाच वेळी कधीही वापरू नये. काचेच्या वरच्या कडेला अपारदर्शक चिकटपट्टीची अरुंद पट्टी लावल्यास झापडीसारखा उपयोग होतो. मात्र पट्टीमुळे रस्ता झाकला जात नाही याची वाहनावर बसून आधी खात्री करून घ्यावी.

वर्गातील पाठ

हा विषय मुलांपर्यंत पोचविणे सोपे आहे, कारण दिशा व छाया हे विषय प्राथमिक अभ्यासक्रमात आहेतच. शनिवारी शाळा भरताच मैदानात मीटरपट्टी उभी करून तिची छाया मुलांकडून मोजून घ्यावी व तासाभराने पुन्हा मोजावी. महिन्यातून एकदा हा प्रयोग केल्यास छायेची दिशाही कशी सरकते हे मुलांस स्वतः दिसेल. नंतर एका मुलास मैदानाच्या कडेला सूर्याकडे पाठ करून उभे करावे व इतरांनी त्याच्या छायेच्या टोकापलीकडे जाऊन त्याच्याकडे पाहावे. सूर्याकडे थेट पाहू नये, अशी सूचना आधी दोनदा द्यावी. आपल्या सोबत्याचा चेहरा ओळखू येत नाही, नुसती काळी आकृती दिसते, हे अनुभवल्यावर निराळे स्पष्टीकरण लागत नाही.

त्यानंतर फळ्यावर एक वाक्य लिहावे: “माझी सावली जिकडे, तिकडून येणाऱ्या गाडीला मी दिसत नाही.” पायवाट नसलेल्या रस्त्यावर मुलांनी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे, हे आपण शिकवितोच. त्यास एवढी जोड द्यावी की सावली लांब असताना गाडी येताना दिसली, तर डांबरावरून खाली उतरून उभे राहावे. रस्ता ओलांडताना सावलीच्या बाजूकडे दोनदा पाहावे.

मुलांना हे वाक्य पाठ होण्यास एक दिवस पुरेल. आपण मात्र ते रोज निघण्यापूर्वी आठवावे. वाहन सुरू करण्याआधी जमिनीवर आपली सावली कोठे पडली आहे व किती लांब आहे हे पाहण्यास क्षणभरही लागत नाही, आणि त्या दिवशी रस्त्यावर कोणापासून सांभाळायचे व कोणाला सांभाळायचे, हे त्या एका दृष्टिक्षेपात कळते.