चारावर फिरवून पाहिलंत का?

मी कविता लिहिणारा माणूस. हा आता गाडीच्या पंख्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात तुमची चूक नाही. पण एका जुलैमध्ये आंबा घाटानं मला या विषयाचा चांगलाच धडा दिला.

अम्मीचे डोळे दाखवायला रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा मागं पडलं, घाट लागला आणि पावसानं गाठलं. काचा वर केल्या. दोन-चार मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. ब्लोअरचं बटण एकावर केलं, दोनावर केलं, हवा नाही. पंखा गेला असं समजून मी तो नाद सोडला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. एका वळणावर समोरून एस. टी. आली, ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. अम्मी काही बोलली नाही. माझ्या हातातलं फडकं तिनं काढून घेतलं आणि उरलेला घाट ती काच पुसत राहिली. डोळे दाखवायला निघालेली बाई मला रस्ता दाखवत होती!

परतल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. 'मोटर गेली, नवी मागवावी लागेल,' असं उत्तर मिळालं. मोटरची किंमत ऐकून मी विचार करायला वेळ मागितला. आमच्या गल्लीत गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारलं, "चारावर फिरवून पाहिलंत का?" मी बटण चारावर नेलं आणि भस्सकन वारा आला. घाटात हेच बटण आणखी दोन घरं पुढं नेलं असतं, तर काच मिनिटभरात साफ झाली असती.

मित्रहो, यातलं इंगित साधं आहे. एसी असो वा हीटर, हवा ढकलणारा पंखा एकच. तोच ब्लोअर. एसीत ही हवा कूलिंग कॉइलवरून येते, हीटरमध्ये इंजिनाच्या गरम पाण्यानं तापलेल्या जाळीवरून. बटणाच्या खालच्या तीन गतींमध्ये वीज 'रेझिस्टर' नावाच्या छोट्या भागातून जाते. तो विजेला अडवतो, म्हणून पंखा हळू फिरतो. सर्वांत वरच्या गतीला वीज त्याला वळसा घालून थेट मोटरला मिळते. म्हणून पंखा फक्त चारावर चालत असेल, तर मोटर धडधाकट आहे आणि दोष बहुधा रेझिस्टरचा आहे. मोटरच्या मानानं हा भाग पुष्कळच स्वस्त. माझं काम त्यावरच भागलं. (बटणाऐवजी आपोआप तापमान राखणाऱ्या एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तिथं ही खूण लागू पडत नाही.)

मात्र रेझिस्टर बदलून थांबू नका. तो काम करताना तापतो आणि पंख्याच्याच वाऱ्यानं थंड होतो. फिल्टर धुळीनं चोंदला असेल किंवा मोटर जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही जळेल.

पंखा कोणत्याच गतीला फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहा. कोणता फ्यूज कशाचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. तार गुंडाळणं किंवा मोठा फ्यूज बसवणं म्हणजे आगीला आवतण देणं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर पुढचं काम वायरमनचं. फ्यूज ठीक असेल तर रिले, मग जोडणीचा प्लग. तो वितळलेला किंवा काळा पडलेला असू शकतो. शेवटी मोटर. बऱ्याच गाड्यांत ती डाव्या बाजूच्या खणामागं असते. पंखा चालू ठेवून तिच्या खोक्यावर हलकी टिचकी मारली आणि ती फिरू लागली, तर आतले कार्बन झिजलेत असं समजा. ती आणखी थोडे दिवस चालेल, पण तिच्या भरवशावर घाट चढू नका. एक सावधगिरी: डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

पंख्याचा आवाज जोरात पण हवा मात्र फुंकर मारल्यासारखी, असं असेल तर फिल्टर काढून उजेडात धरा. फडफड ऐकू आली तर आत पानं गेलीत. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना हा अनुभव येतोच. कधी उंदरानं संसार थाटलेला असतो. चिवचिव आवाज असेल तर मोटरचं बुश वाजतंय. आणि वारा भरपूर आहे पण थंड नाही, तर ब्लोअरला दोष देऊ नका. गॅस, कॉम्प्रेसर किंवा बॉनेटमधला पंखा तपासा. त्या बॉनेटमधल्या पंख्यापासून मात्र हात दूर ठेवा. काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागतो.

आता धुक्याचं. काचेवर बोट फिरवून पाहा. रेघ आतून उमटली तर ती आपल्याच श्वासाची वाफ. एसी लावा, बाहेरची हवा आत घ्या आणि झोत काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा शोषतो, म्हणून पावसाळ्यातही तो उपयोगी. धुकं बाहेरून असेल तर काच एसीनं गार पडली आहे. झोत काचेवरून वळवा, गारवा कमी करा आणि वायपर चालवा.

गॅरेजात गेल्यावर 'मोटर बदला' असं आपण होऊन सांगू नका. कोणत्या गतीला चालतो, कोणत्या गतीला नाही, आवाज कसा येतो, एवढंच सांगा. आणि यंदा पावसाळ्याआधी, घरासमोर गाडी उभी असतानाच, ब्लोअरच्या चारही गती एकदा फिरवून पाहा. अम्मी आता गाडीत बसली की आधी तेच विचारते. "चारावर पाहिलंस का रे?"