बिटच्या पंधरा मीटर मागे

जमिनीच्या पोटात तेलाचे तळे असते, आडवी विहीर म्हणजे त्या तळ्यात सोडलेली लांब नळी, आणि खोदता खोदता मोजणी करणारी यंत्रे म्हणजे त्या नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा, असे चित्र अनेकांच्या मनात असते. यातले तळे आधी काढून टाकू. तेल असते ते वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी असावे तसे. त्याच छिद्रांत खाली खारे पाणी असते आणि पुष्कळदा वर वायू. उरतो तो कॅमेरा. लॉगिंग-व्हाइल-ड्रिलिंग, म्हणजे एलडब्ल्यूडी, या तंत्राविषयीचे बहुतेक गैरसमज या एका उपमेतून निघतात. हे यंत्र तेल पाहत नाही. ते खडकाच्या काही खुणा मोजते, त्यातल्या थोड्याच वर कळवते, आणि त्याही उशिरा. तरीही त्याच्याशिवाय काही विहिरी खोदण्यात अर्थ नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

‘थेट प्रक्षेपण’ ही कल्पना तपासून पाहू. विहिरीतून वर येणारी तार बहुतेक वेळा नसतेच, कारण पाइप फिरत असतो आणि दर काही मीटरवर त्याला नवा तुकडा जोडावा लागतो. म्हणून निरोप पाठवला जातो तो खोदकामाच्या चिखलातून. रिगवर, म्हणजे खोदकामाच्या मनोऱ्यावर, त्याला ‘मड’च म्हणतात. हा मड पंपाने पाइपातून खाली जातो, बिटमधून, म्हणजे खडक कातणाऱ्या टोकातून, बाहेर पडतो आणि कातलेला खडक घेऊन वर येतो. बिटच्या वरच्या अवजड पाइपात एक झडप असते. ती किंचित मिटली की मडचा दाब वाढतो, उघडली की उतरतो, आणि दाबाची ही चढउतार रिगवरच्या मापकाला कळते. लाट सेकंदाला हजार-दीड हजार मीटर वेगाने येते, म्हणजे चार किलोमीटरवरून तीन-चार सेकंदांत. विलंब तिथे नाही, तो मजकुराच्या अरुंदपणात आहे. सेकंदाला माहितीचे दहा बिट हा वेग धरला, तर फोनमधला दोन मेगाबाइटचा एक फोटो वर यायला अठरा दिवसांहून अधिक लागतील. म्हणून निवडक आकडे पाठवायचे आणि बाकी सारी नोंद यंत्राच्या स्मृतीत ठेवायची. पंप थांबला की हा निरोपही थांबतो. शिवाय यंत्रे बिटच्या टोकावर नसतात. काही मापके टोकापासून पंधरा मीटर मागेसुद्धा असतात, आणि बिट तासाला वीस मीटर जात असेल तर आत्ता कातलेल्या खडकाचे मोजमाप पाऊण तासाने होते. अलीकडे बिटच्या पुढच्या खडकाची चाहूल घेणारी विद्युतचुंबकीय साधने आली आहेत, पण पुढच्या आणि भोवतालच्या खडकाच्या विद्युतगुणांत ठळक फरक असेल तरच ती उपयोगी पडतात.

‘यंत्राने तेल दाखवले’ हा गैरसमज याहून खोल आहे, आणि तो तज्ज्ञांनाही चकवतो. गॅमा मापक खडकातल्या पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम यांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजते. तो जास्त असेल तर शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, कमी असेल तर स्वच्छ वाळू, हा पहिला ठोकताळा. पण अभ्रक असलेल्या वाळूतही पोटॅशियम असते, मग तेल धरलेली वाळूही शेलसारखी भासू शकते. विद्युतरोधकतेचे तसेच. खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही, म्हणून रोधकता वाढली की तेल असावे. पण कॅल्साइटने छिद्रे बुजलेला कठीण थरही वीज अडवतो आणि त्यात थेंबभर तेल नसते. आडव्या विहिरीत आणखी एक चकवा असतो. विहीर एका थरातून दुसऱ्यात तिरकी शिरताना सीमेवर विद्युतभार साठतो आणि रोधकतेचा आलेख एकाएकी सुळक्यासारखा वर जातो. उभ्या विहिरीचा सराव असलेल्याला तो उत्तम तेलथर वाटेल. खरे तर तो सांगत असतो की आपण थर बदलतो आहोत, कदाचित तेलाच्या बाहेर चाललो आहोत. हा यंत्राचा दोष नव्हे. त्याने अचूक मोजले आहे, फक्त त्याला तेलाविषयी विचारलेलेच नव्हते.

मग एवढ्या मर्यादा असताना त्यावर खर्च का करावा? विहीर पूर्ण खोदून केबलवरची यंत्रे सोडावीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. श्लुंबर्गर बंधूंच्या पद्धतीने १९२७ साली फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे पहिली विद्युत नोंद झाली तेव्हापासून दीर्घकाळ केबल हेच या शास्त्राचे मुख्य साधन राहिले, आणि केबलवरून माहितीही भरभरून येते. पण केबलवरचे यंत्र स्वतःच्या वजनाने उतरते. विहीर उभ्या रेषेपासून साधारण साठ अंशांहून अधिक कलली की ते सरकेनासे होते. पाइपाने किंवा चाकांच्या ट्रॅक्टरने ते आत ढकलता येते, हे खरे. पण तोवर विहीर खोदून झालेली असते. चुकीच्या थरात गेलेले पाचशे मीटर मग अचूक मोजून काय करायचे?

नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रातले ट्रोल हे क्षेत्र याचे स्वच्छ उत्तर देते. १९७९ साली सापडलेले हे क्षेत्र मुख्यतः वायूचे. त्याच्या पश्चिम भागात वायूखाली तेल होते, पण काही जागी २२ ते २६ मीटर आणि बऱ्याच भागात जेमतेम १२ ते १४ मीटर जाडीचे. तिथे उभी विहीर घेतली तर वरून वायू आणि खालून पाणी ओढले जाते, म्हणून हे तेल निघणे अवघड मानले जात होते. आडव्या विहिरींनी ते निघू लागले आणि १९९५ पासून उत्पादन सुरू झाले. आता हिशेब पाहा. एक अंशाची चूक किलोमीटरभर टिकली तर विहीर सतरा मीटर वर किंवा खाली जाते, म्हणजे बऱ्याच भागात सगळ्या तेलथराच्या बाहेर. इथे विहिरी पाण्याच्या पातळीच्या अगदी थोड्या वर, वायूपासून शक्य तितक्या दूर ठेवाव्या लागतात. खालचे खारे पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे विहिरीतून भोवताली पाहणाऱ्या रोधकता मापकाला ते आधीच जाणवते. अनुकूल खडकात आताची खोल पल्ल्याची साधने तीसेक मीटरपर्यंतचा फरक ओळखतात. पंधरा मीटर मागून आलेला आकडाही इथे पुरतो, कारण थर हळूहळू झुकतात आणि विहिरीची दिशाही हळूहळू वळवायची असते. ट्रोलच्या खडकात अभ्रकयुक्त वाळूही आहे आणि कॅल्साइटचे कठीण थरही, म्हणजे वर सांगितलेले चकवे तिथे रोजचेच. म्हणून एका आकड्यावर कोणी विहीर वळवत नाही. गॅमा, रोधकता, घनता, आधीच्या विहिरींचा नकाशा हे सगळे समोर ठेवून भूवैज्ञानिक ठरवतो की अर्धा अंश वर घ्यायचे की तसेच जायचे.

मुंबईच्या समुद्रातही प्रश्न याच जातीचा आहे. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य तेलसाठा, एल-३, एकसंध नाही. तो चुनखडकाचे थर आणि मधले शेल यांचा मिळून झालेला आहे, आणि पुढच्या पुनर्विकासात तिथे आडव्या विहिरी मोठ्या प्रमाणात घेतल्या गेल्या. अशा पातळ थरांत खोदकाम संपून यंत्र वर आले की स्मृतीतली सविस्तर नोंद काढली जाते आणि मडमधून आलेल्या तुटक आकड्यांवर काढलेले थरांचे चित्र पुन्हा काढले जाते. ते बऱ्याचदा बदलते, आणि शेजारच्या पुढच्या विहिरीचा मार्ग त्या बदललेल्या चित्रावर आखतात.