पिंपातून पाहिलेलं युद्ध

जपानी दिग्दर्शक किहाची ओकामोतो 1943 मध्ये तोहो स्टुडिओत सहायक म्हणून लागला आणि 1945 मध्ये त्याला सैन्यात जावं लागलं. तोयोहाशीच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रावर बॉम्ब पडले, आजूबाजूचे सोबती गेले, हा वाचला. त्यानंतर तो आयुष्यभर युद्धाचे चित्रपट काढत राहिला आणि त्यांत लोकांना हसवतही राहिला.

1959च्या ‘दोकुरित्सु गुरेनताई’ची धाटणी चक्क काउबॉयपटांची. उत्तर चीनमधली आघाडी, वाया गेलेल्या शिपायांची तुकडी आणि भावाच्या मृत्यूचा छडा लावायला आलेला तोतया वार्ताहर. युद्धाची मौजमजा केली म्हणून टीका झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. 1965च्या ‘ची तो सुना’मध्ये हसू आंबट होत गेलं. लष्करी बँडमधल्या कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका येतात. ती एकेक करून पडतात, तसतसं वाजणारं संगीत विरळ होत जातं.

मग 1967 मध्ये तोहोने त्याच्याकडे ‘निहोन नो इचिबान नागाई ही’ सोपवला. शरणागतीच्या घोषणेआधीचे चोवीस तास, मंत्रिमंडळाच्या बैठका, बंडखोर अधिकारी, युद्धमंत्र्याच्या भूमिकेत तोशिरो मिफुने. चित्रपट भक्कम आहे, पण त्यात सगळी बडी मंडळी. ओकामोतोसारखा एकविशीतला शिपाईगडी त्यात कुठेच नव्हता.

ती उणीव त्याने पुढच्याच वर्षी भरून काढली. 1968चा ‘निकुदान’, म्हणजे मानवी तोफगोळा, आर्ट थिएटर गिल्ड या स्वतंत्र चित्रसंस्थेसोबत अगदी तुटपुंज्या पैशांत, कृष्णधवल केला. सुरुवातच आकडेवारीने होते: जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान 1945 मध्ये 46.9 वर्षं, 1968 मध्ये 68.5. फरक 21.6 वर्षांचा. नायकाचं वय साधारण तेवढंच. त्याला नावही नाही, निवेदक त्याला नुसतं ‘तो’ म्हणतो. भुकेपोटी कोठारातलं अन्न चोरलं म्हणून त्याला नागडं करून कवायतीला उभं करतात. मिनोरी तेरादा हा किडकिडीत, चष्मेवाला नट या शिक्षेत जो निर्विकार चेहरा ठेवतो, त्याला तोड नाही.

पुढे आत्मघातकी हल्ल्यासाठी त्याची निवड होते आणि मरणाआधी एक दिवसाची सुट्टी मिळते. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातो. म्हातारा दुकानदार दोन्ही हातांनी थोटा. त्याला लघवीला न्यायचं कामही या पाहुण्यावरच येतं. हा म्हातारा म्हणजे चिशू र्‍यू, आदल्या वर्षीच्या चित्रपटातला पंतप्रधान सुझुकी! निवेदकाचा आवाजही तोच, तात्सुया नाकादाईचा. हा योगायोग असेल यावर विश्वास बसत नाही.

शेवटी ‘तो’ टॉर्पेडोला बांधलेल्या तेलाच्या पिंपात बसून समुद्रात शत्रूची वाट पाहतो. टॉर्पेडो वाया जातो, आणि समोरचं जहाज निघतं मैला वाहणारी बोट. युद्ध केव्हाच संपल्याची बातमी त्याला तिथे कळते. बोट पिंप ओढत नेते, दोर तुटतो. मग थेट 1968: किनाऱ्यावर आंघोळीला आलेली गर्दी, आणि लाटांवर हेलकावणाऱ्या पिंपात अजूनही ओरडणारा सांगाडा. हा विनोद घशाखाली उतरत नाही, आणि तो उतरू नये याचीच ओकामोतोने काळजी घेतली आहे.

1971 मध्ये तोहोने त्याला पुन्हा मोठं काम दिलं, ओकिनावाच्या लढाईचं. पुन्हा सेनापती, नकाशे, भुयारातलं मुख्यालय. पण या वेळी त्याने त्या मुख्यालयात एक न्हावीही आणून बसवला.