गोठ्याच्या जागीं घर

जुन्या मराठी गांवाची जमीन दोन नांवांनीं ओळखली जाई: पांढरी आणि काळी. पांढरींत घरें, देऊळ, चावडी; काळींत पिकें. चोराचिलटांच्या भयानें माणसें एकवटून रहात, आणि बैलही रात्रीं घरच्या गोठ्यांतच परतत. पुढें शेतांत छपराखालीं प्रथम गेलीं तीं जनावरें. मग त्यांच्या राखणीस गडी, आणि शेवटीं सारें कुटुंब. काळींतलें पहिलें घर गुरांचें, असें म्हटलें तरी चालेल.

नीरा-बारामती रस्त्यावरील वडगांव निंबाळकरच्या बाजूस अशा वस्त्या जागोजाग दिसतात. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या भागांत १८८० ते १८९० च्या दशकांत आलें. पाण्यामागून ऊंस आला, आणि उंसाला रात्रीबेरात्रीं पाण्याची पाळी धरावी लागते. गांवांत राहून तें साधत नाहीं. घोड्यांचीही येथें परंपरा आहे. बारामती पूर्वीं ज्या तालुक्यांत मोडत असे त्याचें नांवच भीमथडी, आणि मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं भीमथडी तट्टें याच मुलुखांतलीं. २०२४ सालीं त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. पागा मात्र सरदारी वैभवाबरोबर ओसरल्या, आणि तबेल्याच्या जागीं घर बांधण्याचा प्रश्न आज इकडे पुढें येतो तो गोठ्याच्या रूपानें. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, संकरित गाईंसाठीं मुक्त गोठे निराळे उभे राहिले; दगडमातीचा जुना गोठा रिकामा पडला. घरांत सून येते, गांवठाणांतल्या दोन खोल्या पुरत नाहींत, आणि वडीलधारे विचारांत पडतात: गोठा पाडून तेथें घर बांधलें तर सरकार काय म्हणेल?

याचें उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यांत आहे, आणि तें पुष्कळांच्या समजुतीहून निराळें आहे. शेतावरील इमारत म्हणजे काय, हें सांगतांना ही संहिता अवजारें, खत, वैरण व धान्य ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा, आणि खातेदाराच्या कुटुंबाचें, नोकरांचें वा कुळांचें राहण्याचें घर या सर्वांस एकाच पंक्तीस बसविते. कलम ४१ प्रमाणें शेतकऱ्यास आपल्या जमिनींत अशी इमारत उभारण्याचा हक्क आहे. म्हणजे गोठा जाऊन घर आलें तरी कायद्याच्या दृष्टीनें शेती मोडली असें होत नाहीं.

विलायतेंत हाच प्रश्न नेमका उलट्या बाजूनें सुटतो. तेथें मोठ्या शहरांभोंवतीं हरित पट्टे राखलेले आहेत. १९५५ सालच्या सरकारी परिपत्रकानें तें धोरण देशभर पसरलें. त्या पट्ट्यांत नवें घर सहसा बांधूं देत नाहींत. परंतु ज्या जागेवर पूर्वीं बांधकाम झालें आहे ती, पट्ट्याच्या मोकळेपणास मोठी बाधा येत नसेल तर, पुन्हां बांधतां येते. हौसेखातर घोडा पाळणें ही तेथें शेती नव्हे. म्हणून तबेल्याची जागा या सवलतींत बसूं शकते, आणि तबेला जाऊन टुमदार घर उभें राहतें. शेतकऱ्याचा गोठा मात्र शेतीची इमारत, म्हणून तो या सवलतींतून वगळलेला! तेथील अधिकारी विचारतो, मोकळी जागा किती गेली? इकडील कायदा विचारतो, येथें राहणार कोण, आणि हें शेत त्याचें आहे काय? दुसरा प्रश्न अधिक शहाणपणाचा खरा. पण त्याचें खोटें उत्तर देणें अधिक सोपें, हेंही तितकेंच खरें.

म्हणून या हक्कास कांहीं ठिकाणीं कुंपण आहे. मोठ्या नगरपालिकांच्या हद्दींत व तेथून तीन किलोमीटरांपर्यंत, तसेंच प्रादेशिक योजनेखालीं आलेल्या क्षेत्रांत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधीं घ्यावी लागते. वडगांव निंबाळकर बारामतीपासून याहून बरेंच दूर आहे. तरी योजनेची रेषा अंतर पाहून आखलेली नसते. तेव्हां पहार हातीं घेण्यापूर्वीं नगररचना कचेरींतून झोन दाखला घेणें हेंच बरें. अशा क्षेत्रांत धारण ०.४ हेक्टरांहून, म्हणजे साधारण एक एकराहून, कमी असेल तर परवानगी मिळत नाहीं. ०.४ ते ०.६ हेक्टरांस सर्व इमारती मिळून १५० चौरस मीटर जोतें, म्हणजे सुमारें १,६०० चौरस फूट. त्यापुढें धारणेचा चाळिसावा हिस्सा, पण कमाल ४०० चौरस मीटर. हा हिशेब सर्व इमारतींचा मिळून आहे. नवा मुक्त गोठा आधींच उभा असेल तर त्याचें जोतें घराच्या वाट्यांतून जातें.

खरी अडचण भाऊबंदकीची. दीड एकराचे दोन भाऊ वाटणी करून घेतात, सातबारा वेगळे होतात, आणि मग धाकटा घराचा अर्ज करतो. त्याच्या नांवावर उरलेले असतात तीस गुंठे. वाटणीपूर्वीं जें मिळण्यासारखें होतें तें वाटणीनंतर दोघांनाही मिळत नाहीं. वाटणीच्या बैठकींत मोट कोणाची, विहिरीचें पाणी किती दिवस, यावर तासन् तास वाद होतो. घराच्या जोत्याची आठवण मात्र कोणास होत नाहीं.

शहरांतील आप्तांचा प्रकार वेगळा आहे. सुटींत राहण्यास शेतांत एखादें घर असावें ही इच्छा पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांत असते. परंतु १९४८ च्या कुळकायद्याचें कलम ६३ जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन घेऊं देत नाहीं. आणि पाहुण्यांस भाड्यानें देण्याकरितां बांधलेला बंगला, त्याच्या दारीं दोन आंब्याचीं झाडें लावलीं तरी, शेतावरील घर होत नाहीं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें नोंद झाली व घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालें, ही समजूतही चुकीची आहे. ती नोंद कराची.

कागद नीट झाले तर जागा म्हणून जुना गोठा सहसा वाईट नसतो. तो विहिरीजवळ, उंचवट्यावर असतो, आणि तेवढी जमीन पिकाखालून पूर्वींच गेलेली असते. मात्र त्याच्याच जोत्यावर भिंती चढवूं नयेत. काळी माती ओलीनें फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. छपराचें ओझें तिनें सोसलें म्हणून स्लॅबचें सोसेल असें नव्हे, पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. शिवाय पिढ्यान् पिढ्या गोमूत्र मुरून ती जमीन खारावलेली असते. तो वरचा थर काढून शेतांत पसरला तर उंसास खत मिळतें, आणि घराच्या भिंतींस लोणा लागत नाहीं.